पायपेटीचा पडदा

"हन्ना, पाय काढ आधी."

थोमातात्यांनी माझ्या कानाशी येऊन हे सांगितलं, तेव्हा गिटारचा शेवटचा सूर अजून देवळात फिरत होता. गीत संपलं होतं, मंडळी खाली बसत होती, आणि माझा उजवा पाय बुटासकट गिटारला जोडलेल्या प्रोसेसरच्या पेडलवर होता.

"काय झालं तात्या?"

"पाय काढ. काय झालं ते बाहेर सांगतो."

मी पेडल मागे घेतलं, सूर मिटला, पाय काढला. पुढचं सगळं प्रवचन मी त्या पायाकडे बघत ऐकलं. पायाला काहीही झालेलं नव्हतं.

आमच्या गावात चर्चला देऊळच म्हणतात. दगडी आहे, लहान आहे, आणि मिशनच्या काळापासून त्याच जागी आहे. थोमातात्या तिथले सगळ्यांत जुने पंच. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले, पण मास्तरकी काही सुटली नाही. उपासना संपल्यावर त्यांनी मला चिंचेखाली उभं केलं, शेजारी पाळकसाहेबांना उभं केलं आणि तास घेतला.

"वाजलं बरं. खोटं कशाला बोलू? पण हा पायाचा काय प्रकार आहे?"

"तात्या, ते पेडल आहे. पायानंच चालवायचं असतं. गिटारची तार छेडली की आवाज लगेच विरतो. हा डबा तो लांबवतो. पाय पुढे दाबला की आवाज भरतो, टाचेवर घेतला की ओसरतो."

"तबल्याला चुकून पाय लागला तर काय करतो आपण?"

"हात लावून कपाळाला लावतो."

"आणि तू तर वर उभीच राहिलीस. बूट घालून. प्रभुभोजनाच्या मेजासमोर."

पाळकसाहेब तेव्हा नवे होते. दोन्ही बाजूंना सारखीच मान डोलवायचे. ते म्हणाले, "तात्या, मुलगी मनापासून वाजवते हो."

"साहेब, मनापासून मारली तरी लाथ ती लाथच."

"मग वाजवू कशानं? कोपरानं?" मी म्हणाले. मनात नाही, तोंडानं. तोंडाच्या बाबतीत मी पहिल्यापासून अशीच आहे.

तात्या रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "कशानं वाजवायचं ते तू बघ. पुढचा रविवार प्रभुभोजनाचा. गिटार आण, डबा आण, मला चालेल. पण वाद्याला पाय लावलेला मला दिसला, की ते बंद. मग पुन्हा विषय नाही."

पाळकसाहेबांनी यालाही मान डोलवली.

आता खरं सांगायचं तर मला गिटार वाजवायची हौस होती, पण हा सगळा खटाटोप हौसेचा नव्हता. तो होता माझ्या आत्यासाठी.

सुवार्ताआत्या माझ्या वडिलांची, अण्णांची, मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायची. तिचं वय झालं तसं तिनं सगळं थोडंथोडं सोडलं, पण देवळातली पायपेटी सोडली नाही. देवळाच्या कोपऱ्यात, मेजापुढच्या कठड्याला लागून, ती मोठी पेटी होती. आत्या मंडळीकडे पाठ करून तिच्यासमोर बसायची. पेटीवर एक लहानसा आरसा ठोकलेला होता, त्यात बघून तिला कळायचं पाळक कधी उभे राहिले, रांग कुठवर आली. प्रभुभोजनाला लोक कठड्यापाशी येऊन गुडघे टेकायचे, भाकर आणि प्याला घ्यायचे, उठून जायचे. आणि पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत पेटीचा एक मंद सूर खाली चालू असायचा. मी लहान असताना मला वाटायचं, तो सूर भिंतींतूनच येतो.

मग एका पावसाळ्यात उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लं. नगरहून कारागीर आणला. त्यानं आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "लाकूड चांगलं आहे." त्यावरून काय ते कळलं. पेटी विकायला कोणाचं मन धजलं नाही, ती तिथंच मुकी उभी राहिली. भजनाची हातपेटी होती, पण ती आत्याला कधी रुचली नाही. एका हातानं भाता मारायचा आणि एकाच हातानं वाजवायचं, हे तिला अर्धपोटी उठल्यासारखं वाटायचं.

तेव्हापासून आत्या देवळात येईनाशी झाली. आधी गुडघा दुखायचा. मग डोळ्यांत थेंब घातलेले असायचे. मग दूध तापत ठेवलेलं असायचं, तेही नेमकं घंटेच्या वेळी. आमचं घर देवळाच्या आवाराला लागून. घंटा सुरू झाली की ही मिक्सर लावायची. अण्णांनी सांगून पाहिलं, आईनं पाहिलं. पाळकसाहेब भेटायला आले तर त्यांना शिरा खाऊ घालून, डबा बांधून, वाटेला लावलं. कुणाशी भांडण नाही, रुसवा नाही. नुसतं येणं बंद.

मी तेव्हा पुण्याहून शिकून घरी आले होते, नोकरीची वाट बघत होते. गिटार आणि हा डबा होस्टेलच्या मैत्रिणीनं लग्न ठरल्यावर मला देऊन टाकला होता. मी हिशेब मांडला: आत्याचा सूर गेला म्हणून ती येत नाही. सूर आणला की ती येईल. डब्यात मोठ्या घुमटाखाली घुमल्यासारखा एक आवाज होता, पेटीच्या बराच जवळचा. तो मी त्या रविवारी वाजवला, खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवून.

घरी आले तर आत्या ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती.

"ऐकू आलं का गं?"

"आलं की."

"मिक्सर नाही लावलास?"

"वीज नव्हती," ती म्हणाली. आणि आत घरात पंखा फिरत होता.

"बरं, कसं वाटलं?"

तिनं एक शेंग सोलली, दाणे ताटात सोडले. "मोठं वाटलं. आपलं देऊळ एवढं मोठं नाही हन्ने."

"आणि?"

"आणि सगळं एकदम ओतलंस. माणसानं श्वास कुठं घ्यायचा?"

मला राग आला. एवढं करून हे. मग म्हटलं, अजून ऐक, आणि तात्यांचं सगळं सांगितलं, लाथेसकट. आत्या ऐकता ऐकता थांबली. तोंडाला पदर लावला. मला वाटलं तिला वाईट वाटलं. बघते तर तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला तशी हसताना बघत होते.

"हन्ने, आपल्या पेटीचं नाव काय गं?"

"पायपेटी."

"पुन्हा म्हण."

"पायपे..." मी म्हणाले.

"मग इतकी वर्षं मी काय हातानं भाता मारला?"

नावातच पाय होता आणि तो कुणाच्या डोक्यात आला नव्हता. ना तात्यांच्या, ना पाळकसाहेबांच्या, ना एवढं शिकून आलेल्या माझ्या. त्याला कारण होतं. आत्याच्या स्टुलामागे कमरेएवढ्या उंचीची एक दांडी होती, आणि दांडीवर मखमलीचा पडदा. त्यावर गव्हाच्या ओंब्या भरलेल्या. आत्या पेटीवर बसायला लागली तेव्हा विशीची होती. लुगडं नेसलेली बाई चारचौघांत पाय खालीवर करते, हे बरं दिसत नाही, म्हणून तेव्हाच्या पाळकीणबाईंनी तो शिवून घातला. लोकांना तिची पाठ दिसायची, कोपरं दिसायची. पाय दिसला नाही कधी कुणाला.

"आत्ता जाते आणि तात्यांना सांगते," मी उठले.

"बस खाली." तिचा आवाज एकदम बदलला. "काही सांगायचं नाही. पडद्याआड होतं ते पडद्याआडच राहू दे. म्हातारपणी माझे पाय गावात नाचवू नकोस."

मी बसले. थोडा वेळ दोघींनी वाटाणे सोलले. मग ती म्हणाली, "आण बघू तो डबा."

ओसरीवर डबा मांडला, गिटार जोडली. आत्या खुर्चीवर बसली. उजवं पाऊल तिनं पदरानं नीट पुसलं, तळव्यासकट, आणि मगच पेडलवर ठेवलं.

"वाजव. एकच सूर धर."

मी एक सूर धरला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, वायर निघाली. मग कुठूनसा आवाज येऊ लागला, इतका हळू की सुरू कधी झाला ते कळलं नाही.

"आता पहिली रांग उठली," आत्या डोळे मिटून म्हणाली. "पुढे म्हाताऱ्या बायका. त्यांना घाई करायची नाही." पाऊल किंचित पुढे गेलं. "आता बापे. त्यांचे पाय वाजतात, ते झाकायचे." आवाज भरला. "गुडघे टेकले सगळ्यांनी. आता खाली. आता साहेब भाकर देतायत, त्यांचे शब्द ऐकू आले पाहिजेत. अजून खाली. इथं थांब."

ती थांबली तिथं सूर नुसता धुगधुगत राहिला. माझ्या हातात गिटार होती आणि वाजवत होती ती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही, कारण दोन्ही हात गुंतले होते.

"आत्या, रविवारी चल ना."

तिनं पाय काढला. "गुडघा..."

"गुडघा आत्ता कुठं होता?"

तिनं ताट उचललं, खाली ठेवलं. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "बसू कुठं मी?"

"म्हणजे? आईजवळ बस. बायकांच्या बाजूला."

"कधी बसलेच नाही गं तिथं. तिथून नुसत्या पाठी दिसतात. मला सगळ्यांची तोंडं बघायची सवय, आरशात. कोण आलं, कोण खंगलं, कुणाचं पोर तापलंय, सगळं दिसायचं. आणि गीत लागलं की काय करू? जन्मभर वाजवली सगळी, पण मला एका गीताचे शब्द येत नाहीत. सगळे गाणार, आणि मी पुस्तकात तोंड खुपसून हात कुठं ठेवू ते शोधत बसणार. पाहुण्यासारखी. माझ्याच देवळात."

एवढं बोलून ती वाटाणे घेऊन आत गेली. मी डब्यापाशी बसून राहिले. माझा सगळा हिशेब चुकला होता. तिला सूर नको होता, जागा हवी होती.

शनिवारी मी देवळाची किल्ली घेतली. पेटीचा कोपरा झाडला, स्टूल पुसलं, आरशावरची कोळिष्टकं काढली. डबा नेला आणि भात्याच्या फळ्यांपुढं, अगदी आत्याचा पाय पडेल तिथं ठेवला. गिटारची वायर मापून बघितली, पुरत होती. पडदा झटकून सारखा केला. घरी येऊन सांगितलं, "आत्या, जागा तुझीच आहे. आरसा आहे. पाय पडद्याआड, तात्यांना दिसायचा प्रश्न नाही. मी शेजारी उभी राहून गिटार धरीन, बाकी तुझं."

"बघू," ती म्हणाली. आणि पीठ मळायला लागली.

रविवारी ती आमच्याबरोबर निघाली नाही. आई म्हणाली, ओढून न्यायची का आता तिला? गीतं झाली, ती मी साधीच वाजवली, डब्याशिवाय. प्रवचन झालं. मी त्या स्टुलाकडे बघत होते. पाळकसाहेब मेजामागे गेले, त्यांनी पांढरं कापड उचललं. पंचांच्या बाकावर तात्या पाठ ताठ करून बसले होते. मी मनाशी म्हटलं, झालं, गेला आजचाही रविवार. स्वतःच स्टुलावर बसावं तर मला ते जमणार नव्हतं, आणि त्या जागी मी बसणारही नव्हते.

तेवढ्यात बाजूच्या खोलीचं दार कुरकुरलं.

आत्या आली. हिरव्या काठाचं पांढरं लुगडं, खळ घातलेलं. चपला दाराशी काढलेल्या. कुणाकडे न बघता ती स्टुलापाशी आली, बसली, पदरानं आरसा पुसला. मी पुसलेला तिला पुरला नसावा. आरशात बघून तो जरासा फिरवला. मग ती पुन्हा उठली, दांडीवरून पडदा काढला, त्याची व्यवस्थित घडी घातली आणि पेटीवर ठेवली.

"आत्या, पडदा..." मी कुजबुजले.

"असू दे. उकडतंय," ती म्हणाली.

खाली बसून तिनं पाऊल पुसलं आणि डब्यावर ठेवलं. उघड्यावर, सगळ्या मंडळीदेखत. मी तात्यांकडे बघितलं. ते बघत होते. त्यांचा हात बाकाच्या कडेवर आला, उठणारा माणूस ठेवतो तसा. पण पाळकसाहेबांनी हात पसरून बोलावलं होतं आणि पहिली रांग उठली होती, त्यामुळे तात्यांना उठता आलं नाही. मी सूर धरला.

त्या दिवशी आवाज कधी सुरू झाला हे मलाही कळलं नाही. आत्या आरशात बघत होती आणि तिचं पाऊल मुंगीएवढं हलत होतं. म्हाताऱ्या बायका आल्या. एकजण कठड्यापाशी थबकली, पेटीकडे बघितलं, मग गुडघे टेकले. बापे आले, त्यांचे पाय झाकले गेले. भाकर देतानाचे साहेबांचे शब्द शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले असतील. माझ्या हातांना काही काम नव्हतं म्हटलं तरी चालेल, सूर बदलायचा तेव्हा आत्या नुसती हनुवटी हलवायची.

आमच्याकडे पंच शेवटी घेतात. तात्या सगळ्यांत शेवटी आले आणि कठड्याच्या नेमक्या पेटीकडच्या टोकाला गुडघ्यांवर बसले. तिथून आत्याचं पाऊल हातभर अंतरावर होतं. उभ्या माणसाला दिसणार नाही एवढं ते गुडघ्यावरच्या माणसाला दिसतं. त्यांनी भाकर घेतली, प्याला घेतला. बाकीचे पंच उठून गेले. तात्या उठले नाहीत.

पाळकसाहेब घुटमळले. मंडळी वाट बघत होती. शेवटचा माणूस उठेपर्यंत सूर मिटत नाही, अशी आमची रीत. आत्यानं आरशात बघितलं आणि सूर धरून ठेवला, अगदी बारीक, तुटू न देता. मी बोट हलवलं नाही. तात्यांची मान खाली होती. ते प्रार्थना करत होते की त्या पावलाकडे बघत होते, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी कठड्याला धरलं, एक गुडघा सोडवला, दुसरा सोडवला. त्यांची पाठ सरळ झाल्यावरच सूर मिटला.

आशीर्वाद झाला. लोक उठू लागले. आत्यानं पाय काढला, वाकली, डब्याला बोटं लावली, मग पेटीच्या मुक्या फळ्यांना लावली, आणि कपाळाला लावली. ही तिची हालचाल माझ्या ओळखीची होती. दर रविवारी उपासना संपली की ती अशीच पडद्याआड वाकायची.

मान वर केली तर तात्या समोर उभे.

"सुवार्ता, हे तू नेहमी करायचीस?"

"काय?"

तात्यांनी बोटं स्वतःच्या कपाळाला लावून दाखवली.

"मग? पाय लागतो ना."

"मला वाटायचं, चपला शोधतेस."

"पडदा होता," आत्या म्हणाली.

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही, हातातच ठेवला. तोंड उघडायचं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच मला जमलं. त्यांनी पेटीवरचा घडी केलेला पडदा उचलला. मला वाटलं, आता लावतात दांडीवर. त्यांनी तो काखेत धरला.

"हा धुवायला नेतो. धूळ बसलीय."

"कधी आणाल मग?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"बघू," तात्या म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "सुवार्ता, पुढच्या खेपेला वेळेवर ये. आज उशीर केलास."

"गुडघा दुखत होता," आत्या म्हणाली.

पडदा परत आला नाही. तात्या असेपर्यंत कुणी विचारला नाही, आणि ते गेल्यावर त्यांच्या सुनेला तो ट्रंकेत सापडला, धुतलेला, इस्त्री केलेला. आत्या पुढं कितीतरी वर्षं त्या स्टुलावर बसली. हात माझे आणि पाय तिचा, अशी आमची एक गिटार होती. घंटा झाली की घरातला मिक्सर गप्प असायचा. शेवटच्या दिवसांत तिला उचलून न्यावं लागायचं, तरी पाऊल पुसल्याशिवाय तिनं कधी ठेवलं नाही.

आता डबा दुसरा आहे आणि त्यावर पायही माझाच असतो, अनवाणी. स्टूल तेच, आरसाही तोच. मागच्या प्रभुभोजनानंतर नव्या पाळकीणबाई माझ्याजवळ आल्या. काळजीनं म्हणाल्या, "हन्नाताई, वायर सैल होते का हो तुमची? दर वेळी शेवटी वाकून बघता, म्हणून विचारलं."

"नाही," मी म्हटलं. "पाय लागतो ना."